ग्लासभर मोसंबीचा हिशेब

घरी काढलेला रस विकतच्या रसापेक्षा स्वस्त पडतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की कागद-पेन घेऊन ती तपासायला कुणी बसत नाही. ठाणे स्टेशनबाहेर मोसंबीच्या रसाचा ग्लास साठ रुपयांना झाला हे कळलं की घरातलं एखादं मोठं माणूस लगेच म्हणतं, "तेवढ्यात किलोभर मोसंबी येतील." मग सेलमध्ये ज्युसर मागवला जातो, आठवडाभर घरात सालींचा वास दरवळतो आणि आपण पैसे वाचवतोय असं सगळ्यांना वाटत राहतं. हा हिशेब एकदा पूर्ण मांडायला हवा. तो मांडला की मोसंबीचा विषय स्वयंपाकघरात थांबत नाही, महापालिकेच्या दारापर्यंत जातो, आणि माझ्या मते तो तिथेच न्यायला हवा.

आधी फळ. जांभळी नाक्याच्या बाजारात बरी मोसंबी ८० रुपये किलो आहे असं धरू. हा भाव वर्षभर सारखा राहत नाही. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात मोसंबीचे दोन बहार घेतात, आंबिया आणि मृग. आंबियाचा माल पावसाळ्याच्या उत्तरार्धात उतरतो, तेव्हा वाशीच्या फळबाजारात आवक चांगली असते, पण आपल्याला त्या हवेत रस सुचत नाही. मृगाचा माल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आणि एप्रिल-मेमध्ये तहान वाढत जाते तशी आवक आटत जाते. म्हणजे रस सगळ्यात हवासा वाटतो त्याच दिवसांत तो सगळ्यात महाग पडतो. तरीही ८० च धरू. किलोत मध्यम आकाराची सहा फळं बसतात. साल, चोथा, बिया वजा जाता किलोमागे ४०० मिली रस निघाला तर फळ रसदार म्हणायचं. २५० मिलीच्या भरल्या ग्लासाला सव्वासहाशे ग्रॅम मोसंबी लागते, म्हणजे ५० रुपयांचं फळ. साठ रुपयांच्या ग्लासापुढे फरक उरला दहा रुपयांचा, आणि अजून आपण यंत्राला हातही लावलेला नाही.

यंत्रात मोसंबी-संत्र्यापुरतं बोलायचं तर हाताने दाबायचं ॲल्युमिनियमचं साधं यंत्र सगळ्यात शहाण्यासारखं. काही शंभरांत मिळतं, वीज लागत नाही, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. पण हल्ली घरात येतो तो कोल्ड प्रेस ज्युसर, म्हणजे फळ सावकाश दाबून रस काढणारं विजेचं यंत्र. त्याची किंमत १२,००० रुपये आणि आयुष्य पाच वर्षं धरू. चार माणसांच्या घरात तो रोज चालला तर ग्लासामागे जेमतेम पावणेदोन रुपये पडतात. फक्त रविवारी चालला तर तोच आकडा साडेअकरा रुपयांवर जातो. आणि तीन महिने उत्साहाने वापरून माळ्यावर गेला, तर प्यायलेला प्रत्येक ग्लास यंत्रापायी ३३ रुपयांनी महाग झालेला असतो. विजेची चिंता मात्र करू नये. एवढीशी मोटर पाव तास फिरली तर महावितरणच्या बिलात रुपयाचीही भर पडत नाही.

आता या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम. ती कुणीच लिहीत नाही.

चार जणांसाठी रस काढायचा म्हणजे अडीच किलो मोसंबी धुवायची, कापायची किंवा सोलायची, बिया काढायच्या, रस काढायचा, गाळायचा. मग जाळी घासायची. ती लगेच घासली नाही तर चोथा वाळून बसतो आणि दुपारी ब्रशनेही निघत नाही. ओटा पुसायचा, नाहीतर तासाभरात मुंग्यांची रांग लागते. दीड किलोच्या आसपास साली आणि चोथा ओल्या कचऱ्यात टाकायचा, तो डबा रात्रीपर्यंत घरात ठेवायचा. हे सगळं अर्ध्या तासात उरकणारी बाई चपळच म्हणायची. मी 'बाई' म्हणते, कारण हे काम बहुतेक घरांत बाईच करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात याचा आकडा आहे: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात बायकांचा हाच आकडा २९९ होता. पाच वर्षांत, एवढी यंत्रं घरात येऊनही, सुटका झाली ती दहा मिनिटांची. रोजच्या रसाने त्या पावणेपाच तासांत आणखी अर्धा तास वाढतो. महिन्याचे पंधरा तास होतात.

या वेळेला किंमत लावायला लोक बिचकतात. "घरच्यांसाठी करायचं त्याचे कसले पैसे?" असं विचारलं जातं, आणि विचारणारा सहसा जाळी घासणारा नसतो. मी इथे फक्त तासाला १०० रुपये लावते. अर्ध्या तासाचे ५०, चार ग्लासांत वाटले तर ग्लासाला साडेबारा. फळाचे ५०, यंत्राचे पावणेदोन, श्रमाचे साडेबारा, एकूण ६४ रुपयांच्या वर. कोपऱ्यावरचा ज्यूसवाला साठ घेत होता.

तो तोट्यात नसतो. वाशीच्या बाजारातून किंवा तिथून आलेल्या व्यापाऱ्याकडून तो क्रेटने माल उचलतो. आपण बाजूला सारतो ती बारीक, सालीवर डाग असलेली मोसंबी त्याला चालते, कारण डाग रसात येत नाही. आणि त्याच्या उंच ग्लासात रस काठोकाठ नसतो. बर्फ, थोडं पाणी, साखरेचा पाक आणि चवीला मीठ-मसाला मिळून ग्लास भरतो. बिनबर्फाचा मागितला की एकतर ग्लास पाऊण भरतो किंवा दर वाढतो, आणि यात फसवणूक काही नाही, तो त्याचा उघड हिशेब आहे. निव्वळ रसाला निव्वळ रस लावून पाहिला तर घरात आणि गाडीवर पैशांचा फरक जवळपास उरतच नाही.

मग घोडबंदर रोडवरच्या चकचकीत दुकानांत बाटलीबंद कोल्ड प्रेस रस याच्या दुपटी-तिपटीने विकला जातो, त्याचं काय? तिथे ग्राहक फळापेक्षा गाळ्याच्या भाड्याचे, काचेच्या बाटलीचे आणि वातानुकूलित फ्रीजचे पैसे जास्त देतो. ज्याला परवडतं त्याने घ्यावा, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही. खोक्यातल्या रसाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण मध्यमवर्गीय घरात आजारी माणसाला भेटायला जाताना तोच नेला जातो. तो सगळ्यांत स्वस्त असतो. फळं पिकतात त्या भागातच रसातलं पाणी उडवून तो दाट केला जातो, तसाच वाहून आणला जातो आणि कारखान्यात त्यात पुन्हा पाणी मिसळून खोक्यात भरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसावरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पण अशा पुन्हा पाणी मिसळलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असं छापता येणार नाही, असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. आणि आंब्याचं चित्र असलेली, मुलांच्या डब्यात जाणारी जी पेयं आहेत, त्यांत नियमाप्रमाणे फळाचा अंश किमान १० टक्के असला तरी पुरतो, लिंबाच्या पेयात तर ५ टक्के. बाकी पाणी आणि साखर. घेताना खोक्याची मागची बाजू वाचली तर हे तिथे लिहिलेलं असतं.

रसवंतीचा हिशेब सगळ्यांत सोपा. चरक घरात आणून कुणी ऊस पिळत नाही, त्यामुळे तिथे तुलनाच नाही. घुंगरांचा आवाज, कानिफनाथाच्या किंवा नवनाथाच्या नावाची पाटी, आलं-लिंबू घालून पिळलेला ताजा रस, आणि तोही मोसंबीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किमतीत. शहरात पैशाला इतकं जागणारं दुसरं पेय मला माहीत नाही. मात्र आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात उसाच्या रसाचा नावानिशी उल्लेख आहे. १०० मिलीत १३ ते १५ ग्रॅम साखर, आणि मोठ्या माणसाने दिवसाला ३० ग्रॅमपेक्षा जास्त साखर घेऊ नये असा सल्ला. २०० मिलीच्या एका ग्लासात तो कोटा जवळपास संपतो.

इथून मी त्या मुद्द्याकडे येते, जो मला पैशांच्या सगळ्या तुलनेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. घरचा की विकतचा, या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: फळ पिळायचंच. ते का पिळायचं?

चार माणसांनी रोज एकेक ग्लास घरचा रस प्यायचा तर दिवसाला २०० रुपयांचं फळ लागतं, महिन्याला ६,००० रुपयांचं. त्याच चार माणसांनी रोज एकेक मोसंबी सोलून खाल्ली तर चार फळांचे, पाऊण किलोच्या आतबाहेर, ५५ रुपये होतात. महिन्याला १,६५० रुपये. साल काढल्यावर एका मोसंबीत साधारण १०० ग्रॅम गर हाती लागतो, आणि याच २०२४ च्या मार्गदर्शनात माणसाच्या दिवसभराच्या ताटात सुचवलेलं फळही १०० ग्रॅमच आहे. म्हणजे ग्लासाच्या वाटेने गेलो तर गरजेपेक्षा तिप्पट-चौपट फळ विकत आणायचं, त्यातला तंतुमय भाग ओल्या कचऱ्यात टाकायचा, आणि उरलेलं साखरपाणी दोन मिनिटांत घशाखाली उतरवायचं. संत्र्याच्या २५० मिली रसात, वरून चमचाभरही साखर न घालता, २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेवर मर्यादा सुचवली तेव्हा फळाच्या रसातली नैसर्गिक साखरही त्या मर्यादेत मोजली. सबंध फळातली मोजली नाही. चावून खाल्लेल्या फळातली साखर तंतूंत अडकलेली असते, रक्तात सावकाश येते, आणि तिसऱ्या फळापर्यंत पोहोचायच्या आधी पोट भरतं.

"आम्ही साखर घालत नाही, घरचाच देतो" असं म्हणून मधुमेही वडिलांना रोज सकाळी ग्लास देणारी घरं मी पाहते तेव्हा मला वाईट वाटतं. त्यामागे प्रेम असतं, कष्ट असतात, आणि परिणाम नेमका उलटा होतो. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यात भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली. लहान मुलांबाबतही भारतीय बालरोग संघटनेचा २०१९ चा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना रस देऊच नये, दोन ते पाच वर्षांत दिवसाला १२५ मिलीपर्यंत, त्यापुढे २५० मिलीपर्यंत, आणि शक्यतो फळच द्यावं. मुलं फळ खात नाहीत ही तक्रार खरी आहे. पण सोलून, फोडी करून, बिया काढून वाटी पुढे ठेवली तर बरीच मुलं खातात, आणि एवढं करायला रस काढण्याच्या निम्माही वेळ लागत नाही. सोलायचं काम घरातले पुरुषही टीव्हीसमोर बसून करू शकतात.

रसाला जागा नाही असं मी म्हणत नाही. दात नसलेली आजी, तोंडाला चव नसलेला आजारी माणूस, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पातळ आहार सांगितलेला पेशंट, यांच्यासाठी घरी वाटीभर रस जरूर काढावा. त्या वेळी कुणी हिशेब करू नये.

आणि घरचं म्हणजे आपोआप निर्धोक, हाही भ्रम सोडायला हवा. उपवनला किंवा कचराळी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत दुधीच्या रसाचे बरेच भक्त आहेत, आणि अनेक जण तो घरी काढून पितात. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा रस पिऊन लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या, काही दगावले, तेव्हा आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातला सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, त्यात दुसरा रस मिसळू नका. "औषध कडूच असतं" म्हणून नाक दाबून पिणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

एवढं सगळं मांडल्यावर प्रश्न उरतो की पैसे वाचत नाहीत, वेळ जातो, तब्येतीला फारसा लाभ नाही, तरी माणसं घरी रस का काढतात? उत्तर प्रत्येक घरात एकच मिळतं. बाहेरच्या पाण्याचा भरवसा नाही. बर्फ कुठला ते ठाऊक नाही. ग्लास कसल्या पाण्यात बुचकळतात ते दिसतं. कावीळ आणि टायफॉइड आपल्याकडे दर पावसाळ्यात डोकं वर काढतात आणि दूषित पाण्यातून पसरतात, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही. म्हणजे घरच्या ग्लासात आपण जे विकत घेतो तो विश्वास असतो. शहराने रस्त्यावर द्यायला हवी होती ती स्वच्छता आपण घरातल्या बाईच्या अर्ध्या तासाने भागवतो. हा खर्च सार्वजनिक आहे, आणि तो खासगीत, बिनबोभाट भरला जातो.

ज्यांच्याकडे तो अर्धा तास नाही त्यांचं काय? वागळे इस्टेटमध्ये दुपारच्या पाळीला जाणारा कामगार, स्टेशनच्या रांगेत तापलेल्या रिक्षात बसलेला चालक, रात्रपाळी उरकून निघालेली नर्स, घरोघरी पार्सल पोहोचवणारी मुलं, यांना मे महिन्याच्या उन्हात तहान लागते तेव्हा घरचा रस हा पर्यायच नसतो. त्यांच्यासमोर दोनच गोष्टी असतात: गाडीवरचा ग्लास किंवा थंड बाटलीतलं रंगीत साखरपाणी. गाडीवरचा ग्लास भरवशाचा नसेल तर त्यांना आपण बाटलीकडे ढकलतो. "आम्ही बाहेरचं पीतच नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या घरांनी या लोकांचा विचार करायला हवा. आपण स्वतःपुरती सोय केली, म्हणून रस्त्यावरच्या पाण्याबद्दल आवाज उठवायचं आपल्याला कारण उरलं नाही.

आणि ज्यूसवाल्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याच्या जागी उभं राहून बघावं. गाडीशेजारी नळ नाही, गटाराला जोडलेली मोरी नाही. सकाळी पिंपात भरून आणलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरवायचं. फळं, सुऱ्या, भांडी, ग्लास सगळं त्याच पाण्यात. महापालिकेचं पाणी शुद्ध होऊनच शहरात येतं. ते बिघडतं नळापासून ग्लासापर्यंतच्या वाटेवर, उघड्या पिंपात आणि बुडवलेल्या हातांत. त्याला स्टीलचं सिंक, झाकणाची टाकी, फिल्टर घ्यायला सांगा. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून त्याला कर्जही मिळू शकेल. पण संध्याकाळी अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की सगळं उचलून पळायचं असेल, तर पंचवीस हजारांचं सिंक कोण लावील? उद्या जागा राहील याची खात्री नसलेला माणूस स्वच्छतेवर पैसे घालत नाही. हे त्याचं आळशीपण नव्हे, साधं व्यवहारज्ञान आहे.

संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण, प्रमाणपत्र, ठरवून दिलेल्या जागा, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधूनच निवडलेले, अशी त्यात तरतूद आहे. त्याला आता दशक उलटून गेलं. बर्फाबद्दलही नियम आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करण्याचा आदेश दिला, म्हणजे मासे आणि इतर माल थंड ठेवायचा बर्फ पेल्यात आला तर कुणालाही डोळ्यांनी ओळखता यावा. फार चांगली कल्पना. पण गोणपाटात गुंडाळून गाडीखाली ठेवलेली लादी फोडून ग्लासात टाकताना आपल्यापैकी कितीजण रंग बघतात, विक्रेत्याला विचारतात, पावती मागतात?

माझी मागणी मोठी नाही. तलावपाळीला संध्याकाळी अर्धं ठाणं जमतं. तिथे, गावदेवीला, स्टेशन परिसरात आणि नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या स्टेशनांबाहेर, जिथे रसाच्या आणि फळांच्या गाड्या उभ्या राहतातच, तिथे पालिकेने त्यांना कायम जागा द्यावी, प्रत्येक चार-पाच गाड्यांमागे मीटर लावलेला एक नळ आणि मोरी द्यावी, आणि त्याचं भाडं घ्यावं. विक्रेते ते देतील, कारण आज पाणी आणून टाकणाऱ्याला ते पैसे देतातच. बर्फ कुठल्या कारखान्यातून आला त्याची त्या दिवसाची पावती गाडीवर लावणं बंधनकारक करावं. महिन्यातून एकदा पाण्याचा आणि बर्फाचा नमुना तपासून निकाल त्याच जागी, मराठीत, मोठ्या अक्षरात लावावा. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाद्यविक्रेत्यांना प्रशिक्षण देऊन, तपासणी करून, एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशातलं पहिलं स्वच्छ स्ट्रीट फूड केंद्र म्हणून मान्यता दिली. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्याला एका तलावाकाठी हे जमू नये असं काही कारण मला दिसत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. घोडबंदर रोडच्या इमारतींना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे गाड्यांना नळ कुठून द्यायचे? पण गाडीला लागणारं पाणी एका कुटुंबाच्या वापराच्या आसपास असतं, आणि ते ती आजही वापरते, फक्त कुठून येतं ते कुणी बघत नाही. नव्या पाण्याची गरज नाही, तेच पाणी नळातून आणि नोंदीतून यावं एवढंच. दुसरा आक्षेप फेरीवाल्यांमुळे फुटपाथ अडतात हा. अडतातच, स्टेशनबाहेर चालताना मलाही त्याचा त्रास होतो. म्हणूनच जागा ठरवून द्यायला हव्यात. आज सगळे कुठेही उभे राहतात, कारण कुठेच उभं राहण्याचा हक्क त्यांना मिळालेला नाही.

घरांनीही थोडं करायचं आहे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकरी किंवा त्यांचे गट शहरात थेट माल विकू शकतात. दोन-तीन सोसायट्यांनी मिळून हंगामात मोसंबीचे, डाळिंबाचे, संत्र्याचे क्रेट थेट मागवले आणि वाटून घेतले तर किलोमागे भाव उतरतो आणि मराठवाड्यातल्या बागायतदाराच्या हातात दोन पैसे जास्त पडतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आंबिया बहाराचा माल आला की हे करून बघावं. ते फळ सोलून खावं. रस प्यावासा वाटला तर खाली उतरून कोपऱ्यावरच्या माणसाकडे प्यावा आणि पिताना बर्फाची पावती मागावी. सुरुवातीला तो गोंधळेल. चार गिऱ्हाइकांनी रोज मागितली तर तो कारखान्याकडे मागेल.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे जानेवारी २०२६ मध्ये पालिकेच्या निवडणुका झाल्या आणि प्रभागात पुन्हा नगरसेवक आले. मत मागायला आले तेव्हा रस्ते, पाणी, पार्किंग याबद्दल आपण त्यांना विचारलं. आता त्यांच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. आपल्या प्रभागात पथविक्रेत्यांच्या जागा कोणत्या ठरल्या आहेत, त्यातल्या कोणत्या जागेवर पालिकेचा नळ आहे, आणि त्या भागातल्या बर्फाचा शेवटचा नमुना कोणत्या तारखेला तपासला गेला. उत्तरही लेखीच घ्यावं, त्यावर तारीख आणि सही असावी.